कदाचित

चार डेटाबेस मिळून दोन हजार एकशे सात.
शोधशब्द मीच बांधले होते:
धूळ किंवा सिलिका, आणि खाण किंवा क्रशर किंवा दगडफोड,
आणि फुफ्फुस.
एक कंस बंद करायचा राहिला, तर पहिल्या दिवशी
चंद्रावरच्या धुळीवरचे निबंधही आले होते.

गणेशखिंडीतली खोली. दोन टेबलं, एक खिडकी,
खिडकीबाहेर एसीचा डबा, डब्यावर कबुतर.
आधी दुबार नोंदी काढल्या.
एकच निबंध चार रूपांत आलेला:
कुणी आद्याक्षरं आधी लिहितं, कुणी आडनाव,
कुणी पुण्याला अजून पूना म्हणतं,
आणि यंत्राला ती चार वेगळी माणसं वाटतात.
सहाशे बारा गेले.

नियम असा, की दोघांनी वाचायचं, एकमेकांचं न बघता.
मी आणि रेवती कुसाळकर.
घ्या, वगळा, कदाचित. तीनच बटणं.
मी दिवसाला दोनशे उरकायचो,
नुसत्या शीर्षकावर, तांदूळ निवडावेत तसा.
ती साठ. ती खडासुद्धा उलटून बघायची.

फोल्डर मी लावले. हिरवं, पिवळं, तांबडं.
फाइलीचं नाव: आडनाव, साल, शीर्षकातला पहिला शब्द.
वगळलं तर कारण हवंच, क्रमांकासकट.
मला हे आवडतं, खोटं कशाला बोलू.
घरी डाळींच्या डब्यांनाही मी तारखा लावतो.

शुक्रवारी पडदा उघडला. मतभेद एकेचाळीस.
चाळीस मिटले चहाच्या दोन फेऱ्यांत.
उरली नोंद अकराशे त्र्याऐंशी:
एका डॉक्टरनं संपादकांना लिहिलेलं पत्र, एकोणीसशे एकाहत्तर, एक पान.
ना तुलनेचा गट, ना एक्स-रेची प्रतवारी,
नुसती सात माणसं. आद्याक्षरं, वय, सुरुंगावर किती वर्षं.
ठिकाण: शहराच्या पूर्वेला, नगर रस्त्यालगत.
मी: वगळा, कारण तीन.
ती: कदाचित.

नियमात बसत नाही, मी म्हणालो.
माहितेय, ती म्हणाली, नियम आपण दोघांनीच लिहिलेत.
मग?
तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली,
पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.
के. कु., वय एकतीस, सोळा वर्षं.
के. कु. वाघोलीत ढिगानं असतील, म्हणाली.
आमच्यात तर एकाच माणसाचे तीन होतात,
रेशनकार्डावर कुसळकर, मतदारयादीत कुशाळकर,
शाळेच्या दाखल्यावर मास्तरांच्या मनाला येईल ते.
मग जागेवर जाऊन बसली.
बाटलीतलं पाणी प्यायली. पुढची नोंद उघडली.

तिसरं मत सरांचं. सरांनी मोबाइलवरच बघितलं,
पौड रस्त्याच्या सिग्नलला.
लिहिलं, वगळा. आणि बरोबरच होतं ते.
निबंधात आकृती असते ना, चौकटी आणि खाली जाणारे बाण,
तिच्या तळाशी सव्वीस उरले.
बाजूच्या चौकटीत, कारणासह वगळलेल्यांत,
एक आकडा एकानं वाढला.

निबंध छापून आला. खोली दुसऱ्या प्रकल्पाला गेली.
परवा डिस्क रिकामी करत होतो,
तर एक फोल्डर सापडलं, माझ्या पद्धतीबाहेरचं.
ना रंग, ना साल. नाव: पुन्हा बघायचं.
आत तेच एक पान, सात वेळा.
आ. प., अडतीस.
म. धो., चव्वेचाळीस.
के. कु., एकतीस.
असं सातही फाइलींना, एकेकाचं.

यंत्रानं विचारलं:
सात फाइली तंतोतंत सारख्या आहेत. सहा काढू?

मी रेवतीला फोन लावला. ती आता पाषाणला असते,
मागे कुणीतरी जेवायला हाक मारत होतं.
राहू दे की, म्हणाली,
जागा किती लागतेय त्यांना?

मी बघितलं.
एकेकाला एकशे बारा केबी.